धुनेला नाव काय द्यावं?

पेटीवर बसवलेली माझी एक धून नातवाने कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली आणि विचारलं, "सबा, नाव काय लिहू?" इथेच गाडी अडली. गाण्याचं बरं असतं, मुखड्याचे शब्द उचलले की झालं. बिनशब्दांच्या धुनेला नाव कुठून आणायचं?

मुलगी म्हणाली, "रेवदंड्याची संध्याकाळ." आमचं गाव ते, ऐकायला छानच. पण खोटं. दर मंगळवारी दिमोनाहून बसने आम्ही बेर-शेवाला जायचो, हिची केमो असायची. बाहेरच्या बाकावर माझी बोटं आपली गुडघ्यावर चालायची, तिथे ती धून सुचली. मग हिचंच नाव द्यावं? तर ऐकणारा आधीच डोळे पुसायला घेईल. मध्ये एक थट्टेची जागा आहे, अगदी हिच्यासारखी, ती कोणाच्या कानावर पडणार?

बेथोवनने 1801 मध्ये रचलेल्या सोनाटाला 'मूनलाइट' हे नाव त्याने दिलेलंच नाही. रेलश्टाब नावाच्या समीक्षकाला त्यात तळ्यावरचं चांदणं दिसलं. आता सगळ्यांना चांदणंच दिसतं! देब्युसीने मात्र आपल्या प्रेल्यूड्सची नावं शेवटी छापली. आधी वाजवा, मग वाचा. हा माणूस मला पटला.

नातवाला म्हटलं, "मंगळवार लिही."

"एवढंच?"

"एवढंच. पण मराठीत."

त्याला मराठी लिहिता येत नाही. मी कागदावर काढून दिलं, त्याने सीडीवर गिरवलं. ळ उलटा आलाय. राहू दिला.