घराचे अठ्ठेचाळीस हिस्से

बकरी ईद होऊन आठच दिवस झाले होते. दुपारी मुलांच्या अब्बूंचा युनिटमधून फोन आला. त्यांच्या बटालियनला संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमेवर दक्षिण सुदानला जाण्याचा हुकूम झाला होता. मुदत एक वर्षाची. कुटुंब बरोबर नेता येत नाही. आधी दोन महिन्यांची सुट्टी मिळणार, मग दिल्लीला प्रशिक्षण, मग रवानगी.

फौजेची बदली आमच्या घराला नवी नाही. आमचे सासरे, मरहूम अब्बा, भिंगारच्या रणगाडा केंद्रात शिकवत होते. १९४८ साली हे केंद्र नगरला आले आणि तेव्हापासून आपल्या शहरातल्या कितीतरी घरांची भाकर त्याच्याशी जोडली गेली. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या पैशातून अब्बांनी मुकुंदनगरमध्ये घर बांधले. शहाबादी फरशी, पुढे ओटा, मागे सीताफळाचे झाड. चार वर्षांपूर्वी अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा जनाजा याच ओट्यावरून निघाला.

सुट्टीवर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी असरची नमाज पढून मुलांचे अब्बू म्हणाले, "जाण्याआधी घर विकून टाकू." आम्हाला वाटले, ऐकण्यात चूक झाली. अम्मी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री आम्ही दोघे बराच वेळ भांडलो. घर काय पळून चालले आहे? वर्षाने परत याल, तेव्हा बघू. त्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हे घर कुणाचे आहे?"

आम्ही पटकन म्हटले, "आपले."

"आपले नाही. अब्बांचे होते. आता पाच जणांचे आहे. आणि राहतो फक्त आपण."

खरे सांगायचे तर या प्रश्नाला आम्ही चार वर्षे बगल देत होतो. धाकटे दीर पुण्याला नोकरीला. मोठी ननंद श्रीरामपूरला, तिचे मियाँ शिवणकाम करतात. धाकटी जामखेडला. दोघी ईदेला यायच्या, दोन दिवस राहायच्या, जाताना आम्ही डबा भरून द्यायचो आणि मनात समाधान मानायचो की माहेर सांभाळतो आहोत. त्यांचा हिस्सा आमच्याकडे अमानत म्हणून पडून आहे, त्यांच्या घरात आम्ही बिनभाड्याने राहतो आहोत, हे कधी तोंडावर आणले नाही. त्यांनी मागितला नाही, म्हणजे त्यांना नको आहे, असे आम्हीच परस्पर ठरवून टाकले होते.

एका वकिलांचा सल्ला घेतला. आमचे म्हणणे होते की मुखत्यारपत्र करून ठेवू, घाई कशाला? वकिलांनी समजावले. परदेशात मुखत्यारपत्र करायचे तर भारतीय दूतावासातून साक्षांकित करून आणावे लागते आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते. इथूनच करून ठेवले तर सोपे. मग जरा थांबून ते म्हणाले, "पण एक लक्षात ठेवा. देणारा माणूस हयात असेपर्यंतच ते चालते."

घरी येईपर्यंत रिक्षात आम्ही एक शब्द बोललो नाही. दक्षिण सुदानमध्ये एप्रिल २०१३ मध्ये एका ताफ्यावर हल्ला होऊन पाच भारतीय सैनिक गेले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अकोबो येथे आणखी दोन गेले. फौजीच्या घरात या बातम्या कुणी मोठ्याने वाचत नाही, पण विसरतही नाही. मुलांचे अब्बू भीतीने घर विकत नव्हते. आपण नसताना भावाबहिणींत वाद उभा राहिला, तर त्याचा जवाब आपल्याला द्यावा लागेल, एवढेच त्यांच्या मनात होते.

पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावले. जेवण झाल्यावर त्यांनी विषय काढला. मोठी ननंद लगेच म्हणाली, "भाई, आम्हाला काही नको. हक्कसोडपत्र करून देते. माहेर राहू दे." धाकटी खाली मान घालून बसली.

आम्हाला आतून हायसे वाटले, हे कबूल करायला हवे. पण मुलांचे अब्बू म्हणाले, "आधी हिस्सा हातात घे. बँकेत तुझ्या नावावर जमा होऊ दे. त्यानंतर महिन्याने तुला वाटले तर दे. हातात न घेता सोडलेला हक्क हा लाजेने सोडलेला असतो."

मोठी रडायला लागली. मग हळूहळू कळले की तिच्या मुलीला नर्सिंगला घालायचे आहे आणि फीसाठी ती दोन ठिकाणी उसने मागून आली होती. आमच्याकडे मात्र मागितले नव्हते. भावाकडे मागितले तर माहेर तुटेल, असे तिला वाटले. इतकी वर्षे आम्ही तिच्या गप्प राहण्याला रजामंदी समजत होतो.

त्याच रात्री हिशेब मांडला. वारसांच्या आधी मयताचे कर्ज. एका सिमेंटच्या दुकानाची जुनी बाकी निघाली, ती आम्ही दोघा भावांकडून फेडली. मेहरही कर्जच, म्हणून अम्मींना विचारले. त्या हसल्या, "तुमच्या अब्बांनी पहिल्याच वर्षी फौजेच्या पगारातून दिला होता. मी त्याच्या बांगड्या केल्या." वसीयत काही नव्हती. उरले वाटप. औलाद असल्याने बीवीचा आठवा हिस्सा. बाकीत मुलाला दोन तर मुलीला एक. दोन मुलगे, दोन मुली, म्हणजे घराचे अठ्ठेचाळीस भाग केले की हिशेब बरोबर बसतो. अम्मींचे सहा, प्रत्येक मुलाचे चौदा, प्रत्येक मुलीचे सात. मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला तो हिशेब आम्ही अजून जपून ठेवला आहे.

विकायला काढण्याआधी शेजारच्या मास्तरचाचांना विचारले. शेजाऱ्याचा शुफ्आचा हक्क आपल्या हनफी फिकहमध्ये मानला आहे. चाचा म्हणाले, "माझी ऐपत नाही बेटा. पण आधी मला विचारलेत, यातच सगळे आले." त्यांनीच त्यांच्या ओळखीचे एक गिऱ्हाईक आणले.

घर दाखवताना एजंटाने आम्हाला बाजूला घेतले. उत्तरेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, ते सांगू नका, रंगाचा एक हात मारा, असे तो म्हणाला. कागदावर किंमत कमी दाखवून उरलेली रोख घ्या, असेही म्हणाला. दोन्ही गोष्टी आम्ही केल्या नाहीत. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या नबींचा (स.) प्रसंग लहानपणी मकतबमध्ये ऐकलेला. मग आपल्याच भिंतीची ओल कशी झाकणार? बोअरचे पाणी एप्रिलमध्ये आटते, तेही सांगितले. राहिली रोख. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे, आणि बहिणींना हिस्सा चेकनेच द्यायचा होता. आम्ही सदतीस लाख सांगितले होते. ओल कळल्यावर एक लाख उतरले. सौदा छत्तीसला झाला.

सर्वांत जास्त वेळ गेला तो वारस नोंदीत. अब्बांच्या इंतकालनंतर लगेच करायचे काम आम्ही चार वर्षे टाळले होते. मिळकत पत्रिकेवर अजून अब्बांचेच नाव. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, नोटिशीची मुदत, यात सुट्टीचे दिवस भराभर गेले. जुन्या कागदांवर अहमदनगर, नव्यांवर अहिल्यानगर. घेणाऱ्यांनी घर बीवीच्या नावावर घेतले, त्यामुळे त्यांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळाली. सुट्टी संपायला सहा दिवस असताना दुय्यम निबंधकांसमोर आम्ही पाच वारसांचे अंगठे आणि फोटो झाले. फोटोसाठी चष्मा काढताना अम्मी म्हणाल्या, "याच घरात पाऊल टाकताना मला वाटले होते, आता इथून जनाजाच निघेल."

छत्तीस लाखांचे अठ्ठेचाळीस भाग, म्हणजे एक भाग पंचाहत्तर हजारांचा. बहिणींना प्रत्येकी सव्वापाच लाख, भावांना साडेदहा, अम्मींना साडेचार. त्याच आठवड्यात चेक वटले. मोठीच्या मुलीचा प्रवेश झाला. धाकटीने अजून काही ठरवलेले नाही. तिने फक्त फोनवर सांगितले, "भाभी, पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी आहे." अम्मींनी आपले पैसे हजसाठी ठेवले आहेत. मुलगा परत आला की दोघांनी मिळून जायचे.

कब्जा देण्याच्या आदल्या रात्री सामान बांधताना पाटा उचलेना. चौघांनी लावूनही जागचा हलला नाही. नव्या घरमालकीण म्हणाल्या, "राहू द्या अम्मी, वाटायला तुम्हीच येत जा." सीताफळाच्या वेळी त्यांनी खरोखरच पाटी भरून पाठवली.

आता आम्ही त्याच मोहल्ल्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. घराचे पैसे घरातच घालावेत, त्यात बरकत असते, असे बुजुर्ग सांगत आले आहेत. आमच्या वाट्याला हात लावलेला नाही. ते आल्यावर इन्शाअल्लाह लहानशी जागा बघू. तिकडे जाण्याआधी त्यांनी पीतज्वराची लस घेतली, पिवळे कार्ड केले आणि एक कागद आमच्या हाती दिला. कुणाचे देणे, कुणाचे येणे, कुणाची अमानत. तीनच ओळी होत्या.

मलाकल व्हाइट नाईलच्या काठावर आहे. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आमची असर होते तेव्हा तिथे दुपार असते, म्हणून त्यांचा फोन बहुधा इशाच्या आसपास येतो. परवा मुलाने विचारले, "अब्बू, घर विकल्याचे वाईट वाटते का?" ते म्हणाले, "वाटते. पण झोप लागते."

फोन ठेवल्यावर अम्मींनी मुसल्ला उचलला. भाड्याच्या या खोलीत किब्ला नेमका कोणत्या भिंतीकडे, हे त्या पहिल्या दिवशी दोनदा विचारत होत्या. आता विचारत नाहीत.