आधी गिरणी कामगार

संपादकांनी विषय कळवला तो ‘विस्मृतीत गेलेले हुतात्मे’, आणि त्यात पहिलंच नाव सुचवलं १९३० मध्ये परदेशी कापडाच्या लॉरीखाली चिरडल्या गेलेल्या बाबू गेनूचं. मी अडखळले. बाबू गेनू विस्मृतीत कुठे गेला आहे? काळबादेवीला त्याच्या नावाचा रस्ता आहे. पुण्यात मंडईजवळ त्याच्या नावाचं गणेश मंडळ आहे, वाहनतळ आहे. माझगावात डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडई होती. तिथल्या इमारतीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांची कुटुंबं राहत होती. २७ सप्टेंबर २०१३ ला ती कोसळली आणि ६१ माणसं गेली. तेव्हापासून वर्तमानपत्रांत हे नाव शोधायला बसलं की आधी त्या ढिगाऱ्याच्या बातम्या हाती लागतात. त्या वाचताना अजूनही पोटात कालवतं.

नाव आहेच. गळून पडला आहे तो त्या नावाचा गिरणी कामगार. मुंबईच्या कामगार चळवळीचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून मला ते अधिक लागतं.

बाबू गेनू सैद हा आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. वडील लहानपणीच गेले, घरची ओढाताण, आणि मग मुंबई. पुणे, सातारा, रत्नागिरीकडच्या हजारो पोरांची हीच वाट होती. गाववाल्याच्या गाळ्यात पथारी टाकायची, खाणावळीत जेवायचं, जॉबरच्या, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमाच्या मर्जीने गिरणीत चिकटायचं आणि उरलेले पैसे मनिऑर्डरीने गावी धाडायचे.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर होते. दोन साच्यांच्या (मागांच्या) जागी तीन साचे सांभाळा, म्हणजे तितक्याच वेळात कमी माणसांकडून जास्त काम, हे त्या संपाचं मोठं कारण. त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी तिच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली, त्या वर्षीचा संप फसला, आणि १९३० साल उजाडलं तेव्हा युनियन खिळखिळी झाली होती. युनियनचे, म्हणजे लाल बावट्याचे पुढारी काँग्रेसच्या कायदेभंगापासून अंतर राखून होते. मग गिरणीतला हा तरुण तिरंगा घेऊन वडाळ्याच्या मिठागरावर आणि काळबादेवीच्या कापडबाजारात कसा पोहोचला? मला विचाराल तर त्याच्या चरित्रातला सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे.

तो मोठा का, हे समजायला थोडं तपशिलात शिरावं लागेल. काँग्रेसने तेव्हा देशी गिरण्यांच्याही याद्या केल्या होत्या. खादीशी स्पर्धा करणार नाही, परदेशी सूत वापरणार नाही, अशी हमी देणाऱ्या गिरण्यांना मान्यता होती. हमी न देणाऱ्यांवर बहिष्कार. बहिष्कृत गिरणीचा माल गोदामात पडून राहिला की पहिली गदा साच्यावरच्या माणसावर यायची. म्हणजे परदेशी कापडावरच्या बहिष्काराने मालकांचं फावतही होतं आणि देशी गिरण्यांवरच्या बहिष्काराने कामगाराची रोजी जातही होती. हे चाळीत सगळ्यांना कळत होतं. तरीही जे कामगार निरोधनाला (पिकेटिंगला) उभे राहिले, त्यांतला बाबू गेनू. त्याला ‘भोळा, भावनेच्या भरात आडवा पडला’ असं कुणी म्हटलं की मला संताप येतो. शाळांच्या कार्यक्रमांत हेच ऐकते. परदेशी मालाच्या वाटेत आडवं पडणं ही तेव्हाच्या स्वयंसेवकांची शिकून घेतलेली, शिस्तीची रीत होती. पोलिसांनी ओढून काढलं की पुन्हा येऊन पडायचं, हात उचलायचा नाही. काही जण त्याला बंदूकधारी क्रांतिकारकांच्या तसबिरींत बसवतात. तो निःशस्त्र होता, आणि त्याची जिगर त्यामुळे तसूभरही कमी ठरत नाही.

आता व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न : अपघात की खून?

शुक्रवार, १२ डिसेंबर १९३०. परदेशी कापडाने भरलेली लॉरी पोलीस बंदोबस्तात काळबादेवीतून निघाली होती. बाबू गेनू तिच्यापुढे आडवा झाला आणि चाकाखाली चिरडला गेला. त्याच दिवशी तो गेला. वय बाविशीच्या आसपास. सरकारने अपघात म्हटलं. लोकांत चालत आलेली हकिगत अशी, की हिंदी ड्रायव्हरने गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्वतः चाक हातात घेतलं. या ड्रायव्हरवरून आजही दोन गट हमरीतुमरीवर येतात. दोघांनाही माझं सांगणं आहे की आधी साधनं तपासा. पोलिसांचे कागद पोलिसांनीच लिहिलेले. त्या वर्षी वृत्तपत्रांकडून जामीन मागणारा वटहुकूम निघाला होता, त्यामुळे छापील मजकूर जपून लिहिलेला. काँग्रेसची गुप्त पत्रकं लढ्याच्या आवेशात काढलेली. तिन्ही एकमेकांशेजारी ठेवूनच वाचायला हवीत. आणि ड्रायव्हर कोण हे घटकाभर बाजूला ठेवलं, तरी एक गोष्ट उरते. आडवे पडणाऱ्यांना पोलीस ओढून बाजूला करत होते, असं या हकिगती सांगतात. म्हणजे लॉरी थांबलेली होती. थांबलेली, मालाने लादलेली गाडी चालू करावी लागते, गिअरमध्ये घालावी लागते, आणि सुरुवातीला ती रेंगाळतच पुढे सरकते. पुढ्यात माणूस पडलेला दिसत असताना हे सगळं करणाऱ्याला मी अपघाताचा फायदा देणार नाही. चाकावरचा हात गोरा होता की काळा, याने हुकूम देणाऱ्याची जबाबदारी बदलत नाही.

तरीही या वादाने आपलं नुकसानच केलं. सगळं लक्ष त्या एका क्षणावर खिळलं. १२ डिसेंबरला हार घालणारे स्वदेशीवर बोलतात, गिरणीवर कुणी बोलत नाही. काळबादेवीच्या रस्त्याच्या पाटीवर ‘गिरणी कामगार’ एवढे दोन शब्द वाढवावेत, असं मी जिथे संधी मिळेल तिथे सांगत आले आहे. आज पुन्हा सांगते.

आणि एक विनंती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तसे त्यांचे कितीतरी हजेरीपट आणि पगारपत्रकं रद्दीत गेली. आता कामगारांचा इतिहास उरला आहे तो घरांमध्ये. आंबेगाव, जुन्नर, खेडकडच्या ज्या घरांतला कुणी आजा-पणजा गिरणीत होता, त्यांनी त्याचा पास, युनियनची पावती, मनिऑर्डरीचं फाटकं कूपन, जे असेल ते टाकू नये. फोटो काढून जवळच्या ग्रंथालयात द्या, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा. मागे पेन्सिलने गिरणीचं आणि खात्याचं नाव तेवढं लिहा. सांगणारी माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत.