फिर्यादीलाच बेड्या

इंजिन रात्रभर उभं राहून थंडगार पडलेलं असावं. रेडिएटरचं झाकण काढायचं, पाणी गळ्यापर्यंत भरायचं, सेल्फ मारायचा आणि तोंडाशी डोळे लावून उभं राहायचं. बस, एवढंच! सुरुवातीचे चार-दोन बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते विरतात. पण पाणी कोमटसुद्धा झालेलं नसताना बुडबुडे येतच राहिले तर तो सिलिंडरमधला जळका गॅस! गॅस्केट ओलांडून तो पाण्यात शिरलाय आणि आपल्या डोळ्यांदेखत वर येतोय. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. चहाचं आधण उकळायला लागलं की बायको आतून ओरडते, "या, गॅस्केट गेलंय!"

दाजींकडं जुनी सहा सिलिंडरची टाटा आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या भरून कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात जायचं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत तिकडंच खेपा मारायच्या. गाडी तशी गुणी, पण हेडचं पॅकिंग, म्हणजे हेच गॅस्केट, काही टिकत नव्हतं. नवं टाकलं की थोडे दिवस सुखाचे जायचे. मग धारूरच्या घाटात, नाहीतर मांजरसुंब्याच्या चढाला तापमानाचा काटा वर, वाफ, आणि पुन्हा हेड खाली. दरवेळी गॅरेजात एकच निदान, "माल डुप्लिकेट निघाला, आता भारीतलं टाकू." भारीतलंही जळालं.

मग बीडमधले एक जुने वस्ताद भेटले. त्यांनी जळकं गॅस्केट उन्हात धरलं, फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मास्तर, हे बिचारं फिर्याद घेऊन आलंय. तुम्ही दरवेळी त्यालाच बेड्या घालताय. चोर कोण हाय ते बघा की!"

मला तर तिथंच वेड लागलं. जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा तो पत्रा काय काय सांभाळतो, विचार करा! एका भोकात आग, शेजारच्या भोकात पाणी, त्याच्या शेजारी तेल, आणि तिघांनी एकमेकांचं तोंड पाहायचं नाही. डिझेल पेटतं तेव्हा सिलिंडरमधला दाब ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या आठ-दहापट सहज जातो. आमच्या गॅस्केटवर तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत काळा ओरखडा होता आणि पोलादी कडं एका बाजूनं खाल्लेलं. वस्ताद म्हणाले, सगळीकडं सारखं जळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. एकाच जागी जळतं, म्हणजे त्या जागी ते नीट दाबलंच जात नाही.

हेड तर प्रत्येक वेळी लेथवर फेस मारून आणलेलं. पण ब्लॉक? त्याच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं! वस्तादांनी ब्लॉकचा माथा घासून आरशासारखा केला, त्यावर पोलादी सरळपट्टी आडवी, उभी, तिरपी अशी धरली आणि खालून फीलर गेजची पातळ पाती सारून पाहिली. इकडं जाईना, तिकडं जाईना. तिसऱ्या-चौथ्याच्या मधे 0.15 मिलिमीटरची पाती सुळकन आत! अशा इंजिनाला तिथं एक दशांश मिलिमीटरसुद्धा जास्त मानतात. दाजी पातीकडं बघतच राहिले. एवढे पैसे ओतले ते या फटीत.

बरं, हेड तरी किती वेळा घासणार? जितकं घासाल तितके व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात आणि नोझलचं टोक जास्त खाली उतरतं. मग नोझलखाली जाड तांब्याचं वायसर घालावं लागतं. हे कुठल्याही गॅरेजात मला कुणी सांगितलं नव्हतं.

पण ब्लॉक मुळात बसला कशानं? तापून. आणि तापला कशानं? इथं तर मला शोधकथा वाचल्यासारखं झालं. रेडिएटरची टाकी उघडली तर निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी! बाहेरून जाळीत उसाच्या पाचटाचा भुगा अन् धूळ. झाकणाचं रबर कडक. झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरवर, इथं उघडं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. धड झाकणानं 0.7 बारचा दाब धरला की तेच पाणी 115 अंशांच्या जवळपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण दाब धरेना, तर घाटात वाफ होणारच.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप! गाडी गरम होते म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकला होता. आपल्याकडं हा सर्रास इलाज. पण ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट बंद होते, तिथं तो काढला की बायपास कायम उघडा. बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे औषध म्हणून केलं तेच दुखणं!

सगळ्यात मोठा धक्का काट्यानं दिला. पाणी कमी होऊन सेन्सर उघडा पडला की काटा कधीकधी खाली येतो. त्याला पाणी लागतच नाही, मग तो तापमान सांगणार कुणाचं? ड्रायव्हर म्हणतो, गाडी थंड झाली, आणि वरून हेड भाजतंय. तेव्हा घाटात काटा अचानक खाली आला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या. झाकणाला हात लावू नका आणि तापलेल्या इंजिनावर थंड पाणी तर मुळीच ओतू नका. हेडला चीर गेली की गॅस्केट बदलून काय होणार?

हेडच्या बोल्टांचं शास्त्र मला अजून पुरतं पचलेलं नाही, पण एक गोष्ट फार आवडली. आंधळ्या भोकात तळाला तेल-पाणी साचलेलं असेल तर बोल्ट त्यावरच टेकतो. टॉर्क पाना 'कट' म्हणतो आणि हेड मात्र सैलच. कधी त्या कोंडलेल्या दाबानं ब्लॉकच तडकतो. म्हणून वस्तादांनी भोकं हवेनं फुंकली, ताणलेले बोल्ट फेकले आणि मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं आवळत गेले. "पान्याचा अंदाज हातात असतो" म्हणणाऱ्यांवर ते भलतेच चिडतात.

ब्लॉक उतरवून फेस मारला. किती घासला ते मोजून त्या मापाचं जाड गॅस्केट घातलं. रेडिएटरचं रॉडिंग झालं, झाकण आणि थर्मोस्टॅट नवे. पाणी आता आरओचं, त्यात निम्मं कूलंट. दाजींना ते महाग वाटलं होतं. वस्तादांनी त्यांना नळीतला क्षार कागदावर खरवडून दाखवला, मग गप्प बसले.

मी आता गॅस्केटची गळती तपासायचा निळा द्राव मागवलाय. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची. जळका गॅस असेल तर पेट्रोल इंजिनाला पिवळा होतो, डिझेलला हिरवट. शेजारच्या पाटलांचा ट्रॅक्टर हल्ली पाणी फार पितोय आणि बाहेर गळती कुठंच दिसत नाही. त्यांना सांगून ठेवलंय, उद्या सकाळी मी येईपर्यंत सेल्फ मारू नका!