पेव आणि पेटी

आमचा व्यवसाय हळदीच्या अडतीचा. सांगलीच्या मार्केट यार्डात वडिलांनी सुरू केलेली पेढी आज मी सांभाळतो. हंगामात सौदे निघतात, पोती फोडली जातात, नमुने हातावर घेऊन पारखले जातात आणि दिवसभर हवेत पिवळी धूळ तरंगत राहते. ती कपड्यांत, वह्यांच्या पानांत, चष्म्याच्या काड्यांत शिरते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यातच वावरलेल्या आम्हांला तिचे काही वाटत नाही. मात्र चार वर्षांपूर्वी पेढीचे हिशेब संगणकावर गेले आणि त्या धुळीची मला प्रथमच धास्ती वाटू लागली.

या धास्तीपोटी मी सुताराकडून सागवानी कपाट करून घेतले. घट्ट बसणारी दोन दारे, चांगले कुलूप, आणि तारा बाहेर काढण्यापुरते मागे एक लहानसे भोक. ज्या पेटीला आपण सरसकट ‘सीपीयू’ म्हणतो ती त्यात ठेवली, पडदा आणि कळफलक वर मेजावर मांडले. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ते कपाट कौतुकाने दाखवीत असे.

या कौतुकामागे एक जुना संस्कारही होता. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे वाचकांना ठाऊक असतील. जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असा खड्डा. त्यात हळद भरायची आणि तोंड बंद करायचे. आत हवा खेळत नाही, म्हणून कीड जगत नाही आणि माल वर्षानुवर्षे टिकतो. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले आणि ती परंपरा क्षीण झाली. पण आमच्या लहानपणी पेव हा शब्द सुरक्षिततेचाच पर्याय होता. मौल्यवान वस्तू कोंडून ठेवावी म्हणजे ती टिकते, हे मी वडिलांकडून न शिकवता शिकलो होतो.

दोन उन्हाळे कसेबसे निभावले. दुपारी यंत्र मंदावे, त्यातला पंखा घोंघावत राही. गेल्या वर्षी मी एका माणसाला बोलावून पेटीला मागच्या बाजूस आणखी एक पंखा बसवून घेतला. एका पंख्याने भागत नाही, तर दोन लावावेत, इतका सरळ माझा हिशेब. त्याने काहीच फरक पडला नाही.

पेढीवर एक तरुण कारकून आहे. आयटीआयमध्ये शिकलेला, अबोल, अक्षर मोत्यासारखे. दुपारी मी जेवायला घरी गेलो की तो कपाटाची दारे उघडी ठेवी. मी परतल्यावर ती उघडी दिसली की रागावत असे. “अण्णा, आत फार तापतंय,” असे तो दोन-तीनदा म्हणाला. “तापू दे, पण धूळ जाऊ देऊ नकोस,” हे माझे ठरलेले उत्तर.

या वर्षी एप्रिलमधल्या एका दुपारी सीमेपलीकडच्या गावचे एक वयस्कर शेतकरी पट्टीसाठी बसले होते. माल विकला गेला होता, पैसे तयार होते, केवळ हिशेबपट्टी निघायची राहिली होती. बाहेर भाड्याच्या ट्रॅक्टरचा चालक घाई करीत होता. पट्टी छापायला घेतली आणि संगणक बंद पडला. पुन्हा सुरू केला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदाही तेच झाले तेव्हा माझा तोल गेला. शेतकरी, दोन खरेदीदार आणि चार हमाल यांच्यादेखत मी त्या मुलाला म्हणालो, “तू दारं उघडी टाकतोस, म्हणून ही दशा. उद्यापासून याला हात लावायचा नाही.”

तो काही बोलला नाही. त्याने जुने पट्टीबुक काढले, वजन, भाव, हमाली, तोलाई असे सारे हाताने मांडले आणि पट्टी त्या गृहस्थांच्या हाती दिली. एका पैशाची चूक नव्हती. ते निघून गेले. मी मात्र घुश्शातच होतो.

संध्याकाळी आमचे सर्वांत जुने हमाल कपाटापाशी थांबले. ऐन तारुण्यात त्यांनी पेवांत उतरून पोती भरली आहेत. त्यांनी दार उघडून आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. म्हणाले, “मालक, ह्ये तर तुमी पेव केलंय की! पेवाचं तोंड उघडल्यावर आमी लगेच उतरत न्हवतो. तासन्‌तास वारं लागू द्यायचं, कंदील सोडून बघायचा, मग मानूस आत. हळदीला वारं नको, पर काम करनाऱ्याला वारं लागतंच की.”

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी मी त्या मुलाला म्हणालो, “रविवारी ये. तुला जे बघायचं आहे ते खोलून बघ. मी शेजारी बसतो.”

रविवारी त्याने पेटी अंगणात आणून एका बाजूचे झाकण काढले. आतले दृश्य मी विसरणार नाही. प्रोसेसरच्या माथ्यावर कंगव्याच्या दात्यांसारखे पातळ धातूचे पत्रे असतात. प्रोसेसरची उष्णता त्यांत चढते आणि वरचा पंखा ती हवेत उडवून देतो. त्या पत्र्यांमधल्या साऱ्या फटी हळदीच्या पिवळ्या थराने लिंपल्या गेल्या होत्या. बंद कपाटानेही धूळ अडवली नव्हती. केवळ हवा अडवली होती.

मग त्याने मला हिशेब समजावला, आणि तो मला पटला, कारण तो हिशेबच होता. संगणक जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. आमचे यंत्र ६० वॉटच्या आसपास वीज घेते, म्हणजे जुन्या काळचा साठाचा एक दिवा बंद कपाटात दिवसभर जळत ठेवल्यासारखेच. एक लिटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल उष्णता लागते. तेव्हा पेटीतून जाणारी हवा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला पाच लिटर ताजी हवा आत यायला हवी आणि तितकीच तापलेली हवा बाहेर जायला हवी. साधा पंखा हे काम सहज करतो. पण कपाटात ताजी हवा होतीच कुठे? यंत्र स्वतःचाच उच्छ्‌वास पुन्हा पुन्हा ओढून घेत होते. बहुतेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचले की प्रथम आपला वेग कमी करतात आणि तरीही ताप वाढत राहिला तर यंत्र बंद करून स्वतःला वाचवतात. ज्याला मी बिघाड म्हणत होतो, ती यंत्राची आत्मरक्षा होती.

माझ्या दुसऱ्या पंख्याचे रहस्यही उलगडले. पंख्याच्या चौकटीच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. मागचा पंखा उलटा बसवला गेला होता. पुढचाही हवा आत ढकलत होता आणि मागचाही. दोन पाहुणे समोरासमोरच्या दारांतून आत शिरावेत आणि बाहेर पडायला कोणालाच वाट नसावी, तसा प्रकार.

त्याने मऊ कुंचल्याने आणि हातातल्या ब्लोअरने सारे स्वच्छ केले. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती भरधाव फिरून पंखा खराब होतो, हे त्याने मला दाखवले. प्रोसेसर आणि पत्र्यांमधली वाळून भुकटी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. पुढून आत येणाऱ्या हवेच्या वाटेत आडव्या पडलेल्या तारा एका कडेला बांधल्या. मागचा पंखा उलटवून बाहेर हवा टाकणारा केला. पुढे मोठा पंखा लावून त्याच्यावर बारीक जाळी बसवली. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक असली की पेटीत थोडा दाब राहतो. मग फटींतून धूळ आत खेचली जात नाही, जी हवा येते ती जाळीतून गाळून येते. धुळीवरचा खरा उपाय हा होता, आणि तो वाट बंद करण्यात नव्हता, वाट नेमून देण्यात होता.

“झाकण काढूनच ठेवलं तर?” मी विचारले.

“झाकण काढल्यावर ताप खूप उतरला, तर समजायचं की आत हवेची वाट चुकली आहे. ती तपासणी झाली, अण्णा, उपाय नाही. उघड्या पेटीत धूळ जाणारच.”

म्हणजे दुपारी तो दारे उघडी ठेवी, तेव्हा तो निष्काळजीपणा करीत नव्हता. तो तपासत होता, आणि निष्कर्ष मला सांगतही होता.

शेवटी त्याने उदबत्ती पेटवून पेटीच्या पुढे धरली. धुराची रेघ जाळीतून आत वळली आणि क्षणात मागून बाहेर आली. आता पेटी भिंतीपासून वीतभर अंतरावर एका चौरंगावर उघड्यावर असते. दुपारी जिथे ९६ अंश दिसत, तिथे ६८ दिसतात. जाळी दर रविवारी धुतली जाते.

सोमवारी सौदे सुरू होण्यापूर्वी, ज्यांच्यादेखत बोललो होतो त्या हमालांना आणि खरेदीदारांना थांबवून मी म्हणालो, “त्या दिवशी चूक माझी होती. हा मुलगा बरोबर सांगत होता.” तो संकोचून खाली बघत राहिला. ते वयस्कर शेतकरी पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांनाही सांगितले. ते हसून म्हणाले, “त्याची पट्टी बरोबर होती, तेव्हाच आमाला कळलं हुतं.”

कपाटाची घट्ट दारे मी यंत्राभोवती लावली होती. तशीच दारे त्या मुलाच्या शब्दाभोवतीही लावली होती. तो सांगे, मी परतवून लावी, आणि आतल्या आत ताप साठत राही. माझ्या वयाच्या गृहस्थांना घरात, पेढीवर, संस्थेत ही सवय लागते, आणि तिला आपण काळजी असे नाव देतो.

सागवानी कपाट टाकवत नव्हते. त्यात आता हळदीचे नमुने ठेवतो. ते तिथे उत्तम टिकतात.