एका सुताची फट

सुतारकामात मिलिमीटर नंतर आला, आधी होतं सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे एक सूत, साधारण ३.२ मिलिमीटर. लातूरच्या आमच्या दुकानात अण्णा आजही ‘दोन फूट चार इंच तीन सूत’ असंच माप सांगतात. मी नांदेडला विष्णुपुरीत इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात कोड लिहितो; त्यांचं माप मनातल्या मनात मिलिमीटरमध्ये करत बसतो.

टेबल सॉ पाहिला नसेल तर सांगतो. टेबलाच्या मधोमध फट, फटीतून वर आलेलं गोल पातं आणि खाली मोटर. आमचं टेबल वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचं करून घेतलेलं आहे, पातं १० इंची. मोटर मिनिटाला साधारण २८०० फेरे घेते. गणित करा : पात्याचा दात ताशी १३० किलोमीटरच्या पुढे पळतो. त्या वेगापासून वीतभर अंतरावर अण्णांचे हात दिवसभर असतात.

त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी एका पेरानं कमी आहे. मी तेव्हा दहावीत होतो. टेबलाची फट अंगठा जाईल एवढी रुंद होती. कापलेली बारीक पट्टी त्या फटीत अडकली आणि ती काढायला बोट गेलं. ‘मशीननं आपला कर घेतला,’ एवढंच ते म्हणतात. मला मात्र त्यांनी मशीनजवळ कधी उभं राहू दिलं नाही.

नोकरी लागल्यापासून मी दुकान बंद करा म्हणत होतो. उत्तर ठरलेलं : ‘बंद करून काय करू, दिवसभर व्हॉट्सॲप बघू?’ मग मी दुकानाचा विषय सोडला आणि फटीचा धरला.

पातं जाईल तेवढीच फट ठेवणाऱ्या झाकणाला ‘झिरो क्लिअरन्स इन्सर्ट’ म्हणतात. त्याचे दोन फायदे. बारीक तुकडे खाली पडून अडकत नाहीत. आणि समोरचे दात वरून खाली जाताना फळीच्या खालच्या अंगाचे रेषे ओढतात, त्या रेषांना अगदी पात्यालगत आधार मिळतो. चिरफळ्या निघत नाहीत. हा दुसरा मुद्दा अण्णांना पटला. आमच्याकडे जुनी माळवदं उतरवली की सागवानी तुळया, कड्या विकायला येतात. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर मातीच्या जड छपराखाली झोपायची भीती अनेकांच्या मनात बसली. त्या सागवानाची कड एकदा फुटली की तसं लाकूड पुन्हा मिळत नाही.

अडचण एकच. पातं बदललं, तिरकं केलं किंवा जरा हाललं की झाकणाची फट रुंद होते आणि अख्खं झाकण वाया जातं. यावर माझ्या धंद्यातली सवय कामी आली : जे वारंवार बदलतं ते जे बदलत नाही त्यापासून वेगळं ठेवायचं.

१२ मिलिमीटर प्लायचं झाकण टेबलाच्या खाचेत बसेल असं कापलं. त्याच्या मधोमध ६० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर खोल खाच घेतली, आणि खाचेच्या मध्यात पातं मोकळं फिरेल असा आरपार गाळा. खाचेत ६ मिलिमीटर एमडीएफची पट्टी बसवली. चार कोपऱ्यांत चार स्क्रू, ते फिरवून झाकण टेबलाच्या पातळीत आणायचं. फट रुंद झाली की फक्त पट्टी बदलायची. तिला भंगारातला तुकडा चालतो.

अण्णांनी सगळं उलटसुलट करून पाहिलं. ‘पट्टी नुसती बसवायलास व्हय? मागचे दात खालून वर येतेत. उचलून तोंडावर मारतील. मागं दोन स्क्रू घाल, डोकी लाकडात बुडव.’ हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. स्क्रू पात्याच्या वाटेबाहेर घातले. मग पातं पूर्ण खाली नेलं, झाकणावर बाजूनं आडवी फळी ठेवून ती टेबलाला क्लँपनं आवळली, मोटर सुरू केली आणि पातं हळूहळू वर आणलं. पात्यानं आपली फट आपणच कापली. अण्णांनी पट्टी लावून मोजली. एक सूत.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस नावाच्या माणसानं १९९९मध्ये शोध लावला : दाताला बोट लागलं की विजेच्या संकेतावरून ब्रेक लागतो आणि पातं सुमारे ५ मिलिसेकंदांत थांबतं. ते यंत्र आमच्या दुकानाच्या आवाक्यात नाही. आमची पट्टी पातं थांबवत नाही, लाकूड उलट फेकलं जाण्यापासूनही वाचवत नाही. त्यासाठी पात्यामागची पाती आणि ढकलायची काठी हवीच. पट्टी फक्त बोटाला फटीकडे जायचं एक कारण कमी करते.

पुण्याला निघताना मी पाच पट्ट्या कापून खिळ्याला अडकवल्या, त्यांवर आकडे टाकले. रविवारी फोनवर अण्णा तब्येत विचारतात, पाऊस सांगतात आणि ठेवता ठेवता म्हणतात, ‘तिसरी लावली बरं का.’