नांदूरघाटच्या वाटेवर

केजहून आम्ही नांदूरघाटची एस.टी. धरली, तेव्हा दिवाळी होऊन आठवडा लोटला होता. बालाघाटाचा हा मुलूख. पाणी असेल तेवढीच हिरवळ, बाकी मुरमाड माळ. वाटेत ट्रॅक्टर भेटत होते. ट्रॉलीत भांडी, पिठामिठाचे डबे, सरपण आणि गोधड्यांच्या गठ्ठ्यावर बसलेली लेकरे. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या होत्या. ही माणसे आता मार्च-एप्रिललाच परतायची.

वस्तीत निळ्या झेंड्याजवळ एका ओट्यावर आम्ही बसलो. बऱ्याच घरांना कुलपे होती. मागे राहिली होती म्हातारी माणसे आणि थोडी पोरे. जयभीम झाला, चहा आला. चहा देता देता एक आजी म्हणाली, "औंदा थोरल्या नातीचं उरकलं बाबा. दोघांचा कोयता झाला."

नात किती शिकली, असे आम्ही विचारले.

"नववी झाली व्हती."

आजीच्या बोलण्यात ना आनंद होता, ना दुःख. नुसता हिशेब होता. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकट्या पोराला अर्धा कोयता. शिवाय आईबाप सहा महिने बाहेर राहणार, तर वयात आलेली लेक सांभाळायची कोणी? बरोबर न्यावी, तर कोपीला दार नसते. ही भीती खोटी नाही. पण तिच्यावरचा उपाय म्हणून मुलीचेच बालपण खर्ची पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ४४ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. साऱ्या महाराष्ट्रात हे प्रमाण २२ च्या आसपास होते.

नवरी झालेल्या या मुलीला पाळी का येते, दिवस कसे राहतात, नको असतील तर काय करावे, नवऱ्याला 'नको' म्हणता येते का, हे कोणी सांगितलेले नसते. मुलालाही नसते, मोबाईलवर दिसते तेच त्याचे ज्ञान. पुढे फडात आडोसा नाही, पाणी नाही. पाळीत घरी राहिले तर खाडा पडतो. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, तरी डोक्यावर मोळी असतेच. मग कोणी सांगते, पिशवीच काढून टाका. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. लहान वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणे आणि लपवलेला आजार या वाटेनेच अनेक जणी तिथवर पोचतात.

आजी अभिमानाने म्हणाली, "लगीन आपल्या बौद्ध पद्धतीनं लावलं." आम्ही खाली पाहिले. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर नववी झालेली मुलगी उभी केली, आणि मंडपात कोणी तिचे वय विचारले नाही. दोष एकट्या आजीला कसा द्यावा? अशा मंडपात आम्हीही जेवून आलो आहोत.

बंधूभगिनींनो, हा विषय बोलायचा नाही, असे आपल्याला कोणी शिकवले? बाबासाहेबांनी तर नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचे वकील बाबासाहेब होते. खटला हरला, पण बाजू कोणती घ्यायची ते ठरले. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला, त्यामागेही तेच होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी आयाबहिणींना सांगितले की मुलांच्या लग्नाची घाई करू नका.

कायदाही मुलीच्या बाजूने आहे. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यात आपले बौद्धाचार्यही आले. गावात ग्रामसेवक हा प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या क्रमांकावर फुकट फोन लागतो. लहानपणी लग्न झालेली मुलगी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ते न्यायालयातून रद्द करून घेऊ शकते. अठराखालील मुलीला दिवस गेले, तर पालकाच्या संमतीने कायदेशीर गर्भपात करता येतो. आणि तिने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव सांगण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी म्हटले आहे. तेव्हा भोंदूकडे जाऊन जीव गमावू नका.

आम्ही उठलो, तेव्हा धाकटी नात दाराआड उभी होती. आठवीत आहे. आम्ही आजीला हंगामी वसतिगृहाची माहिती दिली, आणि हिला शाळेतून काढू नका, अशी विनंती केली. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिच्या बापाला तुम्हीच सांगा. मी लावते फोन."

फोन लागला. आम्ही बोललो. बाप 'बघू' म्हणाला.

त्या 'बघू'चे 'हो' करणे हे आपल्या साऱ्यांचे काम आहे. या लग्नसराईत पत्रिका हाती आली की आधी नवरीची जन्मतारीख विचारा. विहारात महिन्यातून एक रविवार मुलामुलींसाठी ठेवा. आशाताईंना, नर्सबाईंना बोलवा आणि पोरांना मोकळेपणी विचारू द्या.

जयभीम.