गिल्बर्ट टेकडी ते कान्हेरी : आपल्या पायाखालचा पत्थर

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी आमच्या घाटकोपरच्या विहारातील मुले व काही उपासक-उपासिका यांना घेऊन आम्ही अंधेरी ते बोरिवली अशी एक दिवसाची सहल काढली. सहल लेण्यांची होती, पण दिवसभर बोलणे झाले ते दगडाचे. त्याला कारण झाला सहावीतल्या एका मुलीचा प्रश्न. तिचे घर डोंगरउतारावर आहे. मेट्रोत बसताच तिने विचारले, "लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत, मग आमच्याकडची दरड पावसात का कोसळते?" आम्ही म्हटले, "संध्याकाळपर्यंत तूच उत्तर शोध."

पहिला मुक्काम अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट टेकडी. चोहोबाजूंनी इमारती आणि झोपड्या, आणि मध्येच सुमारे दोनशे फूट उंचीचा काळा कडा सरळ उभा. जवळून पाहिले तर तो एकसंध नाही. लाकडाच्या वखारीत वासे उभे करून ठेवावेत तसे दगडाचे अनेक कोनी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. पायऱ्या चढणारे पुष्कळ असतात, खांबांकडे पाहणारे थोडे.

हे खांब कोणी घडविले नाहीत. सुमारे सहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भूमीला भेगा पडून तप्त शिलारस पुन्हा पुन्हा वर आला व थरावर थर साचत गेले. आज महाराष्ट्र आणि शेजारील राज्यांत मिळून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांनी व्यापला आहे. सह्याद्री त्याचाच. गिल्बर्ट टेकडीही त्याच काळातील उद्रेकांची. आटलेल्या तळ्यातील चिखल वाळताना आकसतो व त्याला चौकोनी, पंचकोनी भेगा पडतात. शिलारस निवताना तसाच आकसला, भेगा खोल खोल गेल्या आणि खांब तयार झाले. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील डेव्हिल्स टॉवर असाच आहे. तो पाहायला लोक दुरून येतात. आपला मात्र आजूबाजूच्या खोदकामातून जेमतेम वाचला. 2007 साली महापालिकेने त्याला वारसा स्थळाचा दर्जा दिला.

आमच्याबरोबर एक वृद्ध उपासक होते. त्यांची उमेद चांदिवलीच्या दगडखाणीत गेली. त्यांनी कड्यावर हात ठेवला व म्हणाले, "हा काळा पत्थर. घण मारला तर हाताला झिणझिण्या येतात. पण शीर सापडली की पहारेनं सुटतो." मुलांनी विचारले, "आजोबा, मग यात लेणं का नाही कोरलं?" ते हसले. "अरे, खांबाखांबाला शीर आहे. आत खोली काढायला जाशील तर छप्परच खाली येईल."

शाळेच्या पुस्तकात दगडाची जी वर्गवारी असते, ती येथे सांगणे सोपे गेले. शिलारस निवून जो खडक होतो तो अग्निजन्य. जमिनीच्या पोटात सावकाश निवला तर स्फटिक मोठे होतात, डोळ्यांना दाणे दिसतात. ग्रॅनाइट तसा असतो. जमिनीवर येऊन लवकर निवला तर दाणा अगदी बारीक राहतो. आपला काळा बसाल्ट तसा आहे. ही झाली निवण्यावरून वर्गवारी. दुसरी घटकांवरून. बसाल्टमध्ये सिलिका साधारण निम्मी असते, लोह व मॅग्नेशियम जास्त, म्हणून तो काळा व जड. सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की खडकाचा रंग फिका होतो. त्याला रायोलाइट म्हणतात. मनोरी-गोराईकडे असे फिके खडक आढळतात. दगडाचे हे वर्ग त्याला ओळखण्यासाठी केले आहेत, कोण उच्च आणि कोण नीच हे ठरविण्यासाठी नव्हे. माणसामाणसांत पाडलेल्या वर्णांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही, हेही आम्ही मुलांना तेथेच सांगितले.

दुसरा मुक्काम अंधेरी पूर्वेची कोंदिवटे लेणी, ज्यांना लोक महाकाली लेणी म्हणतात. येथे एकोणीस लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात स्तूप आहे व त्याच्यासमोर जाळीच्या खिडक्या असलेली गोल भिंत. स्तूपाला वंदन करून बाहेर आलो, तेव्हा मुलांनीच ओळखले की येथला दगड वेगळा आहे. त्यात लहानमोठे तुकडे रुतलेले दिसतात. ज्वालामुखीच्या स्फोटात उडालेले खडकाचे तुकडे राखेत व बारीक चुऱ्यात बसून घट्ट झाले की असा खडक होतो. काँक्रीटमध्ये खडी दिसते तसा तो दिसतो. हाही अग्नीचाच, पण छिन्नीला दाद देणारा. त्याचा तोटाही तेथेच दिसतो. ऊनपावसाने तो झिजतो, त्याचे पापुद्रे निघतात. कित्येक ठिकाणी कोरीवकाम पुसट झाले आहे.

दुपारी लोकलने बोरिवलीला व तेथून राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीला पोहोचलो. कान्हेरीचा खडकही याच जातीचा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे भिक्खुसंघाचा वास होता. शंभरावर लेणी कोरली गेली. दाने देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी होते, कारागीर होते, भिक्खुणीही होत्या, असे तेथील शिलालेख सांगतात. परंतु त्या दिवशी आम्ही मुलांना मूर्तींच्या आधी पाणी पाहायला लावले. डोंगरमाथ्यावर कोरलेले पन्हळ पाहा. पावसाचे पाणी ते वळवून घेतात आणि लेण्यांशेजारच्या टाक्यांत सोडतात. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. वर्षावासात भिक्खू येथे राहत, म्हणजे ऐन पावसात. पाणी डोंगरात मुरू देण्याऐवजी त्याला वाट काढून दिली, म्हणून खडकही टिकला आणि प्यायला पाणीही मिळाले.

तेथे टाकीच्या काठावर ती मुलगी आम्हाला म्हणाली, "कळलं. आमच्याकडे पाण्याला वाटच नाही."

तिचे उत्तर बरोबर होते. कोणताही खडक हजारो वर्षे ऊनपाऊस सोसून वरून कुजतो, त्याचा मुरूम व माती होते. खालचा पत्थर भक्कम असला तरी वरचा मुरूम पाणी पिऊन फुगतो आणि घसरतो. त्यात खाणीसाठी किंवा घरासाठी डोंगराचा पाय कापलेला असेल तर वरच्या भाराला आधार राहत नाही. 12 जुलै 2000 रोजी घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून साठहून अधिक माणसे गेली. जुलै 2021 मध्ये चेंबूर व विक्रोळीत पुन्हा तेच झाले. मेले ते बहुतेक गरीब श्रमिक. डोंगरावर राहायला कोणी हौसेने जात नाही. सपाटीवर जागा मिळत नाही म्हणून जातो. त्यामुळे सुरक्षित घर व संरक्षक भिंत मागणे हा आपला हक्कच आहे, आणि तो आपण संघटितपणे मागितला पाहिजे.

पण मागणी करतानाच आपल्या हातातले कामही करू या. मे महिन्यातच वस्तीतील तरुणांनी डोंगराची पाहणी करावी. नाले-गटारे मोकळी करावीत, सांडपाणी उतारावर सोडू नये, डोंगराचा पाय आणखी कोरू नये. नवी भेग दिसली, झाड किंवा खांब कलला, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर रात्रीची वाट न पाहता घर रिकामे करावे व शेजाऱ्यांना उठवावे.

परतताना काळोख पडला होता. खाणीत आयुष्य काढलेले ते आजोबा गाडीत म्हणाले, "पन्नास वर्षं पत्थर फोडला, पण त्याचं वय आज कळलं." पुढच्या सहलीला त्यांनाच मुलांसमोर बोलायला उभे करायचे, असे आम्ही ठरविले आहे.